काचेच्या पेटीतला वड

दोस्तांनो, आधी एक कोडं घालते. पटकन उत्तर द्यायचं नाही, नीट विचार करायचा हं!

फांदी आहे, पण तिला पान फुटत नाही. मूळ आहे, पण ते पाणी पीत नाही. खोड आहे, पण ते वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, बोटभरही जाड होत नाही. आणि तरीही या झाडावर हिरवंगार शेवाळ वाढतं, वेल चढते, पावसाळ्यासारखा ओलावा असतो. सांगा पाहू, हे कुठलं झाड?

हरलात? हे झाड माझ्या टेबलावर आहे. तारेचं नि सिमेंटचं! दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा काचेच्या पेटीत ते उभं आहे. पूर्वी या पेटीत मासे होते. आता तिच्यात बाग आहे. अशा काचेतल्या बागेला टेरेरियम म्हणतात. आणि आज मी तुम्हांला सांगणार आहे ते या बागेतल्या खोट्या फांद्या नि खोटी मुळं कशी करायची, त्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, "बाग ठीक आहे, पण फांदी खोटी कशाला? खाली पडलेली एखादी काटकी आणून ठेवली की झालं!" माझी भाचीही अगदी हेच म्हणाली होती. तेव्हा ती सहावीत होती. तिला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, कारण उत्तर एक नाही, तीन आहेत. पण त्याआधी ही काचेतली बाग मुळात जगते कशी, ते पाहू या.

गोष्ट आहे १८२९ सालची. लंडनमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत होते. त्यांना नेच्यांची भारी हौस. पण लंडनच्या हवेत तेव्हा कोळशाचा इतका धूर असायचा, की नेचे काही जगेनात. याच डॉक्टरांनी एकदा एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून बाटलीत बंद केला. पतंग कधी बाहेर येतो, ते त्यांना पाहायचं होतं. आणि काय गंमत! बाटलीतल्या त्या मातीतून एक इवलासा नेचा आणि थोडं गवत उगवलं! बाहेर जो नेचा जगत नव्हता, तो आत छान वाढला.

असं का झालं? दिवसा उजेड नि ऊब मिळाली की ओल्या मातीतून आणि पानांतून पाण्याची वाफ होते. ती काचेला लागून गार होते, तिचे थेंब होतात आणि ते ओघळून पुन्हा मातीत जातात. समुद्र, ढग नि पाऊस यांचं जे चक्र तुम्ही भूगोलात शिकता ना, तेच इथे एका बाटलीत! वॉर्ड यांनी मग काचेच्या मोठ्या पेट्या करून घेतल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपं जहाजाने थेट ऑस्ट्रेलियात सिडनीला गेली आणि जिवंत पोचली. पुढे चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला, तोही वॉर्ड यांच्या या पेट्यांतूनच. म्हणजे टेबलावरची ही शोभेची वस्तू साधीसुधी नाही बरं का!

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. काटकी का आणायची नाही?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. बंद पेटीत सतत दमटपणा असतो. रस्त्यावरून आणलेलं साधं लाकूड तिथे ठेवलं, की थोड्याच दिवसांत त्यावर पांढरा कापसासारखा बुरा चढतो. मग ते मऊ पडतं, कुजतं आणि मोडतं. त्याच्या आधाराने चढलेली वेलही खाली येते.

दुसरं कारण जंगलाचं आहे. जंगलात पडलेलं लाकूड मेलेलं दिसतं, पण ते रिकामं नसतं. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या असतात, वाळवी असते, सालीखाली गोम नि सापसुरळी दडलेली असते. अळंबी नि बुरश्या त्या लाकडाचा हळूहळू भुगा करतात आणि झाडाने मातीतून घेतलेलं मातीला परत देतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री काही कुजक्या लाकडांवर फिकट हिरवा उजेड दिसतो, हे तुम्ही ऐकलं असेल. तो उजेड असतो बुरशीचा! आता असं लाकूड कुणी पेटीत ठेवायला घरी नेलं, तर तिथला तो दिवा विझलाच ना? शिवाय अभयारण्यातून परवानगीशिवाय अशा वस्तू उचलून आणणं हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. आणि कायदा यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे देवराया आहेत. माझ्या आजीच्या गावी देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी आणत नसत. लहानपणी मला वाटायचं, देवाच्या भीतीने आणत नसतील. आता त्याच राईत गेलं, की पायाखालची माती कशी मऊ नि काळी लागते, ते कळतं. कुणी काही उचलून नेलंच नाही, म्हणून ती तशी झाली.

आणि तिसरं कारण? ते मला आधी माहीत नव्हतं. खोटी फांदी करता करता ते सापडलं. त्याची गोष्ट पुढे येईल.

तेव्हा ठरलं, की फांदी आपणच करायची. पण कुठल्या झाडाची? "झाड" म्हटलं की आपण एक सरळ दांडा काढतो आणि त्याच्या डोक्यावर हिरवा ढग. असं झाड जगात कुठेच नसतं! म्हणून पहिला नियम असा, की एक खरं झाड निवडायचं आणि त्याच्याकडे नीट पाहायचं.

भाचीच्या शाळेच्या रस्त्यावर एक जुना वड होता. तो निवडायला एक कारण घडलं. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच्या बुंध्यावर एक आकडा रंगवलेला दिसला आणि शेजारी एक कागद चिकटवलेला. रस्ता रुंद व्हायचा होता. शहरातलं झाड तोडण्याआधी अशी नोटीस त्या झाडावर लावावी लागते. महाराष्ट्रात तसा १९७५ सालचा कायदा आहे. ती वाचून कुणीही हरकत नोंदवू शकतं. आम्हीही नोंदवली. मुलांनी आपापल्या अक्षरात पत्रं लिहिली, मोठ्यांनी सह्या केल्या. आणि उत्तराची वाट पाहत असताना मुलं म्हणाली, "मावशी, आपण याचं माप तरी घेऊन ठेवू या."

मग काय, रविवारी सकाळी आमची फौज निघाली! बुंध्याभोवती दोरी गुंडाळली. घेर भरला ५ मीटर ४० सेंटिमीटर. उंची कशी मोजायची? वर तर चढायचं नव्हतं. भाचीने एक मीटरची काठी उन्हात उभी धरली. तिची सावली पडली ५० सेंटिमीटर, म्हणजे काठीच्या निम्मी. वडाच्या शेंड्याची सावली बुंध्यापासून ६ मीटरवर होती. म्हणजे वड १२ मीटर उंच! गणिताच्या पुस्तकातलं हे प्रमाण रस्त्यावर असं उपयोगी पडेल, असं वाटलं होतं का तुम्हांला?

मग आम्ही नुसते पाहत बसलो. आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. हवेत लोंबणाऱ्या पारंब्या केसांच्या झुबक्यासारख्या असतात, पातळ आणि टोकाशी फिकट. पण जी पारंबी जमिनीला पोचली, ती ताठ होते, जाड होते आणि खांबासारखी फांदीला टेकू देते. रस्त्याच्या बाजूच्या पारंब्या मात्र सगळ्या एकाच उंचीवर कापल्यासारख्या होत्या. एका मुलाने कोडं सोडवलं. "बस जाते ना इथून!" तो म्हणाला. बसच्या टपाला लागून लागून त्या तेवढ्याच राहिल्या होत्या. रोज त्याच रस्त्याने शाळेत जाऊनही हे कुणाला दिसलं नव्हतं. मलाही नाही!

आता करायला घेऊ या. तुमच्या पेटीत २० सेंटिमीटरचं झाड मावणार असेल, तर १२ मीटरचं, म्हणजे १२०० सेंटिमीटरचं झाड ६० पट लहान करायचं. मग बुंध्याचा घेर किती? ५४० भागिले ६०, म्हणजे ९ सेंटिमीटर. हे आकडे वहीत लिहून ठेवा.

पहिलं काम सांगाड्याचं. बांधकामावर लोखंडी सळया बांधायला जी काळी, मऊ तार वापरतात, ती हार्डवेअरच्या दुकानात बाइंडिंग वायर म्हणून मागा. साधारण एक मिलिमीटर जाडीची. तिचे ३० सेंटिमीटर लांबीचे २४ तुकडे करा. तांब्याची तार घेऊ नका, कारण तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर तो शेवाळाला बाधतो. तारेची टोकं टोचतात, म्हणून हातमोजे घाला आणि तोडताना ती डोळ्यांपासून लांब धरा.

सगळ्या २४ तारा एकत्र धरा. खालचा भाग मोकळा सोडून मधला भाग पक्कडीने पिळा. हा झाला बुंधा. खालच्या २४ टोकांचे चार-चार तारांचे सहा गट करून ते पसरा. ही झाली मुळं. आता वरच्या २४ तारांचे दोन भाग करा. पण बारा-बारा नको हं! झाड असं मोजून मापून वागत नाही. १४ आणि १० करा. १४ च्या पुढे ८ आणि ६, १० च्या पुढे ७ आणि ३. असं करत करत शेवटी एकेक तार उरेपर्यंत जा.

आणि आता गंमत पाहा. कुठल्याही उंचीवर तारा मोजल्या, तर बेरीज येते २४! पाचशे वर्षांपूर्वी इटलीत लिओनार्दो द विंची नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. त्याने झाडं पाहून पाहून आपल्या वहीत नोंद केली होती, की एखाद्या उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते. सगळी झाडं हा नियम काटेकोर पाळत नाहीत, पण बरीचशी त्याच्या जवळपास जातात. म्हणूनच असा तारांचा सांगाडा लगेच झाडासारखा दिसतो. आपण तारा वाटत जातो आणि झाड आपोआप होत जातं.

सांगाड्यावर मांस चढवायला जुन्या सुती धोतराच्या किंवा चादरीच्या बोटभर रुंद पट्ट्या घ्या. सिमेंटमध्ये पाणी घालून ताकासारखं पातळ करा, त्यात पट्ट्या बुडवून तारेवर गुंडाळा. बुंध्याकडे जास्त वेढे, फांदीच्या टोकाला एकच. मध्ये मध्ये सुतळीने मोजा, घेर नऊ सेंटिमीटरच्या थोडा आत राहायला हवा. दुसऱ्या दिवशी एक भाग सिमेंट आणि दोन भाग चाळलेली बारीक वाळू यांचा पातळ थर त्यावर द्या. तार कुठेही उघडी राहता कामा नये, नाहीतर ती गंजेल.

(आई-बाबांसाठी एक सूचना. सिमेंट कालवताना मुलांजवळ बसा. ओलं सिमेंट कातडीला भाजल्यासारखं चरचरतं आणि कोरडं नाकात जातं. म्हणून रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.)

थर ओला असतानाच साल करायची. इथे पुन्हा खऱ्या झाडाकडे पाहिलेलं कामी येतं. कडुनिंब करायचा असेल तर जुन्या टूथब्रशने उभ्या भेगा ओढा. आंबा असेल तर चुरगळलेली चांदी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कागद दाबून ती खडबडीत करा. वडाची साल मात्र राखाडी आणि बरीचशी गुळगुळीत, त्यामुळे ओल्या कुंचल्याने नुसतं सारवलं तरी पुरतं. आणि सिमेंटचा रंगही राखाडीच! आम्हांला रंग द्यावाच लागला नाही.

यानंतर घाई करायची नाही. आमच्याकडे गवंडीकाम करणारे एक मामा येतात. ते झाड पाहून म्हणाले, "पोरांनो, सिमेंट वाळवायचं नसतं, त्याला पाणी पाजायचं असतं." खरंच आहे ते. पाण्याशी संयोग होऊनच सिमेंट घट्ट होतं. म्हणून सात दिवस झाडावर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. मग ते पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवायचं आणि रोज पाणी बदलायचं. कारण नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि त्या चुन्याने शेवाळ नि नेचे जळतात.

चुना संपला हे कसं ओळखायचं? त्यासाठी आजीच्या स्वयंपाकघरात जायचं! हळदीला चुना लागला की ती लाल होते. पूर्वी कुंकू करायचे ते याच युक्तीने. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर माखा, वाळवा आणि त्याच्या पट्ट्या कापा. झाड दिवसभर बुडून राहिलेल्या पाण्यात रोज एक पट्टी बुडवायची. लाल झाली, तर चुना अजून उतरतो आहे. आमची पट्टी पहिल्या दिवशी अगदी कुंकवासारखी लाल झाली होती. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही पाण्यात थोडं व्हिनेगर घालून झाड धुवायला लागलो. मग ती विटकरी झाली, मग नारिंगी. चौथ्या आठवड्यात एकदाची पिवळीधमक राहिली, तेव्हा भाचीने घरभर उड्या मारल्या!

आता पारंब्या. त्यांना सिमेंट चालत नाही, कारण त्या हलल्या पाहिजेत. सुतळी किंवा सुती दोरा दमटपणात कुजतो. म्हणून नायलॉनची बारीक दोरी घ्या आणि तिची टोकं उसवून पिंजा. त्यावर सिलिकॉन सीलंटचा पातळ हात द्या. माशांच्या काचपेट्या जोडायला वापरतात ते साधं सीलंट घ्या, बुरशीनाशक घातलेलं नको. त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, म्हणून हे काम गॅलरीत करायचं आणि मोठ्यांनीच करायचं. लगेच ती दोरी नारळाच्या सोडणाच्या कोरड्या भुग्यात घोळवा. नर्सरीत हा भुगा कोकोपीट म्हणून मिळतो. मग खाली एखादं जड नट बांधून दोरी टांगून ठेवा, म्हणजे पारंबी सरळ सुकेल. दुसऱ्या दिवशी ती सुकते, पण वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर हवेशीर जागी राहू द्या. मग सीलंटच्याच थेंबाने फांदीला चिकटवा. काही लोंबत्या ठेवा, काही मातीपर्यंत नेऊन ताठ करा. आम्ही एका बाजूच्या पारंब्या सगळ्या एकाच उंचीवर कापल्या. का, ते तुम्हांला माहीतच आहे!

वड नको असेल तर दुसरी मुळं करा. सावरीच्या बुंध्याशी फळ्यांसारखी पसरट मुळं असतात. केवड्याला काठ्यांचा आधार दिल्यासारखी तिरपी मुळं फुटतात. ठाण्याच्या खाडीत तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर डोकावतात, कारण चिखलात त्यांना हवा मिळत नाही. या प्रत्येक मुळाचं काम वेगळं, म्हणून रूपही वेगळं. ते काम समजून घेतलं की आकार पाठ करावा लागत नाही.

पेटी भरायची पद्धत सोपी आहे. तळाशी बारीक खडे, त्यावर लाकडी कोळशाचे तुकडे, त्यावर माती. त्यात झाड घट्ट रोवा, मुळं थोडी दिसू द्या, थोडी पुरा. पावसाळ्यात आपल्याच कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ येतं, त्यातलं नखाएवढं पुरे. ते ओल्या सालीवर नि मुळांच्या बेचक्यांत दाबून बसवा. नर्सरीतून छोटा नेचा आणा. भिंतीवर चिकटून चढणारी बारीक पानांची फायकस वेल मिळाली तर जरूर आणा, कारण ती वडाच्याच कुळातली आहे. पाणी फवारा, झाकण लावा आणि पेटी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. उन्हात काचेच्या आत भट्टी होते. काच फार धुकटली तर थोडा वेळ झाकण उघडायचं. आणि बेडूक-सरडे आत ठेवायचे नाहीत. त्यांना हिंडायला अंगण लागतं, पेटी नव्हे.

तुम्हांला प्रश्न पडला असेल, की खोट्या फांदीवर खरं शेवाळ जगतं कसं? तर शेवाळाला खरी मुळंच नसतात! ते अंगभर पाणी पितं आणि धरून बसायला त्याला फक्त जागा हवी असते. झाडावरची आमरी, म्हणजे ऑर्किडही अशीच. ती झाडाचं काही खात नाही, नुसती बसते. पण बांडगूळ मात्र झाडात मुळं घुसवून त्याचं पाणी पितं. ते काही आपल्या तारेच्या झाडावर जगायचं नाही. म्हणजे कोण झाडावर नुसतं बसलेलं असतं आणि कोण झाडाला पीत असतं, हेसुद्धा खोट्या झाडामुळे कळलं.

आता तिसरं कारण तुमच्याही लक्षात आलं असेल. काटकी उचलून आणली असती, तर आम्ही तिच्याकडे दोन मिनिटंही पाहिलं नसतं. ती करायची ठरली, म्हणून तो वड आम्ही पाहिला. आणि त्याची साल, त्याचा घेर, बसने कापलेल्या त्याच्या पारंब्या, हे सगळं आम्ही अगदी शेवटच्या क्षणी पाहिलं.

हो, शेवटच्याच. आमच्या पत्रांना उत्तर आलं. रस्त्यालगतची दोन लहान झाडं वाचली, पण वड वाचला नाही. जून उजाडायच्या आधी तो गेला. त्या दिवशी भाची पेटीजवळ बराच वेळ बसली होती. मग म्हणाली, "मावशी, हा खोटा आहे ना? मग आपण कुणाला फसवतोय?"

मी म्हटलं, "याला वड म्हणून कुणी त्याच्या सावलीत बसायला आलं, तर ती फसवणूक होईल. याच्यावर पाखरं येणार नाहीत, याला लाल फळं धरणार नाहीत. याच्याकडे पाहून तो कसा होता, एवढंच सांगता येईल."

"एवढ्याने काय होणार?" ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

पण वडाची एक गोष्ट मला ठाऊक होती. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात एक प्रचंड वड आहे. त्याचा मूळ बुंधा किडून गेला, म्हणून १९२५ साली तो काढून टाकावा लागला. तरी झाड आजही उभं आहे, आपल्या हजारो पारंब्यांवर! आणि वडाची जाड फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली, तर तिला मुळं फुटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यावर गेलो. तोडलेल्या फांद्यांमधून मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची एक फांदी मुलांनी मागून घेतली, आणि काम करणाऱ्या दादांनी ती खांद्यावरून शाळेपर्यंत आणूनही दिली. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात आम्ही ती लावली. कुंपण केलं, पाऊस येईपर्यंत मुलांनी पाळीपाळीने पाणी घातलं. जुलैत तिच्या अंगावर तांबूस कोंब दिसले.

आज ती फांदी शाळेच्या फाटकाहून उंच झाली आहे. पेटीतल्या वडाला पारंब्या फुटल्या एका संध्याकाळी, सीलंटच्या थेंबांनी. शाळेतल्या वडाला त्या अजून फुटायच्या आहेत. त्या जमिनीला टेकतील तेव्हा आजची पहिलीतली मुलं कॉलेजात असतील, कदाचित त्याहून मोठीही झाली असतील. तोवर नव्या मुलांना "पारंबी म्हणजे काय?" असा प्रश्न पडला, की त्यांच्या बाई त्यांना आमच्याकडे पेटी पाहायला पाठवतात.

तर दोस्तांनो, या रविवारी काय कराल? आधी तार नि सिमेंट आणायला धावू नका. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं एक झाड निवडा. सोबत दोरी, वही, पेन्सिल आणि एक मीटरची काठी घ्या. घेर मोजा, सावली मोजा, पहिली फांदी किती उंचीवर फुटते ते लिहा. मुळं कुठे जमिनीवर येतात, साल कशी आहे, कुठली बाजू कुणी कापली आहे, तेही लिहा. पानाच्या एका कोपऱ्यात तारीख घाला. आणि झाडाखाली एखादी सुंदर वाकडी काटकी पडलेली दिसली, तर तिचं चित्र काढा, तिच्या सालीखाली कोण राहतं ते हळूच पाहा आणि ती जिथे होती तिथेच ठेवून घरी या.